कचऱ्यापासून विमानाचे इंधन

घरातून रोज टाकल्या जाणाऱ्या केरकचऱ्यात कागद, चिंध्या, भाज्यांची देठे, प्लॅस्टिकच्या पिशव्या असे नाना पदार्थ असतात. रूपाने ते भिन्न असले, तरी बहुतेकांत कार्बन व हायड्रोजन ही मूलद्रव्ये असतात. विमानात जळणारे केरोसीनही मुख्यतः याच दोहोंचे बनलेले असते. मग एकाचे रूपांतर दुसऱ्यात का होऊ नये?

या रूपांतराचा मुख्य टप्पा जुनाच आहे. जर्मनीतील म्युल्हाइम येथील कोळसा-संशोधन संस्थेत फ्रान्त्स फिशर व हान्स ट्रॉप्श या रसायनशास्त्रज्ञांनी तो १९२५ च्या सुमारास शोधून काढला. प्रथम कचऱ्यातून धातू, काच व माती वेगळी करतात. उरलेला भाग वाळवून, त्याचा चुरा करून तो अपुऱ्या प्राणवायूत अतिशय तापवितात. त्यामुळे तो पूर्णपणे जळून न जाता त्यापासून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांचा मिश्र वायू निर्माण होतो. हा वायू शुद्ध करून लोखंड किंवा कोबाल्ट या तप्त उत्प्रेरकावरून नेला, म्हणजे कार्बनचे अणू साखळीच्या कड्यांप्रमाणे जोडले जाऊन तेल व मेण बनते. त्यांवर पुढील प्रक्रिया केली की केरोसीन मिळते.

मात्र कचऱ्याचे घटक व ओलावा रोज बदलत असल्यामुळे हे काम सोपे नाही. अमेरिकेतील रीनो शहराजवळच्या फुल्क्रम कंपनीच्या कारखान्याने २०२२ मध्ये कचऱ्यापासून कृत्रिम कच्चे तेल काढले. परंतु २०२४ मध्ये तो बंद पडला व कंपनी दिवाळखोरीत निघाली.

तळणाचे वापरलेले तेल त्या मानाने सोयीचे ठरते. हायड्रोजनच्या क्रियेने त्यातील प्राणवायू काढून टाकला, की त्यापासून केरोसीन बनविता येते. नोव्हेंबर २०२३ मध्ये एका प्रवासी विमानाने मुख्यतः टाकाऊ तेले व चरबी यांच्या इंधनावर लंडन ते न्यूयॉर्क हा प्रवास केला. भारतानेही २०३० पर्यंत आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनात असे इंधन पाच टक्के मिसळण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. कागद व अन्न यांतील कार्बन वनस्पतींनी अलीकडेच हवेतून घेतलेला असतो. तो जळून हवेत परतला, तरी नवी भर पडत नाही. प्लॅस्टिकमधील कार्बन मात्र भूगर्भातील तेलातून आलेला असतो. यास्तव कचऱ्याची निवड जितकी काटेकोर, तितके त्यापासूनचे इंधन हितकर; आणि या निवडीस प्रारंभ घरातील कचऱ्याच्या टोपलीपासूनच होतो.