वाईट बातमी सांगायची कुणी आणि कशी?

आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरातून रोज कुणीतरी डबा घेऊन पाळीला बाहेर पडतं. कुणाचा नवरा कारखान्यात, कुणाचा भाऊ बांधकामावर, कुणाचा मुलगा दूरच्या औद्योगिक वसाहतीत. संध्याकाळी जिन्यात ओळखीच्या चपला वाजल्या की आपण चहाचं आधण ठेवतो. त्या वाजल्याच नाहीत तर काय, हा विचार आपण मनात येऊ देत नाही आणि ते बरंच आहे. रोज तोच विचार करत बसलं तर संसार कसा व्हायचा? पण स्फोटाच्या, आगीच्या बातम्या आपण वाचतोच. किती माणसं गेली, भरपाई किती जाहीर झाली, चौकशी कोण करणार, सगळं छापून येतं. त्या घरांना ती बातमी कुणी सांगितली, किती वेळानं सांगितली, कुठल्या शब्दांत सांगितली, याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही.

आपल्याकडे वाईट बातमी सरळ सांगायची रीतच नाही. जुन्या तारा आठवतात ना? ‘आई सीरियस, ताबडतोब निघा.’ थोरली माणसं काय ते समजायची, पण मुक्कामी पोचेपर्यंत गाडीत कुणी कुणाशी बोलायचं नाही. तारखातं २०१३ साली बंद झालं, पण ती रीत आता फोनवर चालू आहे. ‘थोडं लागलंय, काळजीचं काही नाही, पण तुम्ही या.’ सांगणाऱ्याच्या मनात दयाच असते, नाही कुठं म्हणतेय मी? पण त्या दयेची किंमत ऐकणाऱ्याला मोजावी लागते. कशी, ते सांगते.

२००६ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात सेगो नावाची कोळशाची खाण होती. २ जानेवारीला सकाळी साडेसहाच्या सुमाराला तिच्यात स्फोट झाला. नव्या वर्षाची सुट्टी संपवून माणसं नुकतीच कामावर उतरली होती. एक तुकडी कशीबशी बाहेर पडली, तेराजण आत अडकले. त्यांच्या बायका, आया, भावंडं खाणीजवळच्या चर्चमध्ये जमली आणि तिथंच बसून राहिली. आपण देवळात बसून राहिलो असतो, तसंच. दुसऱ्या दिवशी रात्री एकाचा मृतदेह सापडल्याचं कळलं. उरलेल्या बाराजणांवर सगळ्यांचे प्राण लागून राहिले. मध्यरात्रीच्या थोडं आधी चर्चमध्ये निरोप आला, बाराही जिवंत आहेत! घंटा वाजल्या, लोक गाऊ लागले, एकमेकांच्या गळ्यात पडून रडले.

निरोप चुकीचा होता. खाली उतरलेल्या पथकाच्या तोंडावर श्वासाचे मुखवटे होते आणि एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला सांगत तो वर पोचवायचा होता. सापडलेल्या बाराजणांत एकच जिवंत होता. वर येईपर्यंत त्याचं ‘बारा जिवंत’ झालं, आणि अधिकृतपणे कुणी काही सांगायच्या आतच ते चर्चपर्यंत जाऊन पोचलं. आपण लहानपणी कानगोष्टींचा खेळ खेळायचो, त्याची आठवण व्हावी, पण हसू कुणाला येणार?

पाऊण-एक तासात वरच्या अधिकाऱ्यांना कळू लागलं, की काहीतरी चुकलंय. पण आकडा पक्का झालेला नाही, या माणसांना पुन्हा वर-खाली झुलवायचं नाही, म्हणून खात्री होईपर्यंत थांबायचं ठरलं. इकडे चर्चमध्ये लोक आपली माणसं आता येतील म्हणून दाराकडे डोळे लावून बसलेले. पावणेतीनच्या सुमाराला कंपनीचे प्रमुख आले आणि म्हणाले, एकच वाचला, बाकीचे गेले. त्यानंतर तिथं जो आकांत झाला, जो संताप उसळला, तो मी वर्णन करत नाही. सकाळच्या कितीतरी वर्तमानपत्रांनी मात्र बारा वाचल्याचे मथळे छापले होते.

चुकीचा निरोप गोंधळात कुणाकडूनही गेला असता. लोकांच्या मनातून गेले नाहीत ते मधले तास. ‘खात्री होऊ दे, मग सांगू,’ हे आपणही किती सहज म्हणतो! तिथं खात्रीची गरज नव्हती. ‘मघाशी जे ऐकलंत त्याबद्दल आम्हाला शंका आहे, घंटा थांबवा, अर्ध्या तासात मी स्वतः पुन्हा येतो,’ एवढं खरं वाक्य त्या वेळीही सांगता आलं असतं. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेत खाणींसाठी नवा कायदा झाला. मोठा अपघात झाला तर सरकारनं आपला एक माणूस कुटुंबांशी बोलण्यासाठी नेमायचा, असं त्यात आलं. इतकी साधी गोष्ट कायद्यात लिहावी लागली.

आपल्याकडचं एक उदाहरणही देते, सुखान्त आहे म्हणून मुद्दाम. १२ नोव्हेंबर २०२३, ऐन दिवाळी. उत्तरकाशीजवळ सिलक्याराच्या बोगद्यात ४१ मजूर अडकले. ते बाहेर आले २८ नोव्हेंबरला. तेवढे दिवस घरच्यांनी कसे काढले असतील? पाईपमधून अन्न जात होतं, तसा आवाजही जात होता. तिथं पोचलेल्या नातेवाइकांना आपल्या माणसाशी बोलता आलं. नंतर कॅमेरा आत गेला आणि चेहरे दिसले. आज सुटतील, उद्या सुटतील, असे वायदे तिथंही झाले आणि मोडले. पण ऐकीव बातमीपेक्षा आपल्या माणसाचा खरा आवाज, मग तो थकलेला का असेना, किती मोलाचा!

आता बरोबर काम करणाऱ्यांचं. आमच्या गावाजवळ काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात रात्रपाळीला आग लागली. सकाळच्या पाळीची माणसं आली तर फाटक बंद, आणि दरवानाला हुकूम, काही बोलायचं नाही. दोन तासांत सातजण गेल्याची आवई उठली, मग वीस. प्रत्यक्षात एकजण गेला होता, दोघं भाजले होते. एक नाव सांगितलं नाही म्हणून त्या सकाळी आमच्या वसाहतीत निदान चाळीस घरांत चूल पेटली नाही. एक बाई तर फाटकाशी उभ्या असताना शेजारणींनी त्यांच्या बांगड्यांकडे बघून कुजबुजायला सुरुवात केली होती. त्यांचा नवरा दुपारी चालत घरी आला!

आधी घर, मग खात्यातले सोबती, मग वर्तमानपत्रं, हाच क्रम बरोबर. पण आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, तेव्हा या पायऱ्यांत फार वेळ घालवता येत नाही. घरी कळवून झालं की खात्यातल्या माणसांना एकत्र बोलवावं, नाव सांगावं, जखमी कुठं आहेत ते सांगावं, आणि पुढची माहिती किती वाजता मिळेल तेही सांगावं. ठरल्या वेळेला नवीन काही कळलेलं नसलं तरी येऊन तसं सांगावं. नोटिसबोर्डावर चिठ्ठी लावून मोकळं होणं मला तरी माणुसकीचं वाटत नाही. शेजारच्या यंत्रावर दहा वर्षं उभा राहिलेला माणूस तो.

तुम्ही म्हणाल, हे साहेबलोकांनी वाचावं, आम्हाला काय? अहो, साहेब घरी यायला निघतात तेव्हा पहिल्यांदा काय म्हणतात? ‘शेजारच्या बाईंना बरोबर घ्या.’ म्हणजे तुम्हाला किंवा मला! तेव्हा एवढं लक्षात असू द्या. फोनवर सांगू नका, दोघांनी जा. नाव, पत्ता नीट विचारून खात्री करा, कारण एका आडनावाची माणसं प्रत्येक खात्यात असतात. दारात उभं राहून सांगू नका, आत जाऊन बसा, तिला बसवा. गॅसवर काही असलं तर तो बंद करा. ‘वाईट बातमी घेऊन आलोय’ एवढं म्हणून लगेच पुढचं वाक्य बोला. आणि शब्द स्पष्ट वापरा. ‘गेले’ म्हटल्यावर ‘कुठं गेले?’ असं विचारणारी बाई मी पाहिली आहे. तिला कळत नव्हतं असं नाही, पण मन शेवटची फट शोधत असतं. ‘अपघातात त्यांचा मृत्यू झाला’ हे उच्चारायला जड आहे, तरी तेच उच्चारावं. मग गप्प बसावं. ‘नशिबात होतं’, ‘मुलांकडे बघा’ ही वाक्यं त्या क्षणी गिळून टाकावीत. कसं झालं, चूक कुणाची, याबद्दल ऐकीव काही सांगू नये. माहीत नसेल तर ‘माहीत नाही, विचारून संध्याकाळी सांगते’ म्हणावं, आणि संध्याकाळी जावं. तिला एकटीला सोडून येऊ नये.

मुलांना बहुधा शेवटी सांगतात, किंवा सांगतच नाहीत. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. ‘बाबा झोपलेत’ असं सांगितलेला दुसरीतला एक मुलगा पुढं कितीतरी दिवस झोपायलाच घाबरायचा. ‘देवाघरी गेले’ म्हटलं तर मुलं परत कधी येणार ते विचारतात, आणि त्यांचं काय चुकलं? आईनं किंवा जवळच्या माणसानं मांडीवर घेऊन साध्या शब्दांत सांगावं, की बाबांना खूप लागलं, डॉक्टरांनी प्रयत्न केले, पण ते मरण पावले, आता ते परत येणार नाहीत. हे वाचतानाच तुमच्या अंगावर काटा आला असेल. पण वर्गातल्या दुसऱ्या मुलाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा ते बरं.

आणखी एक घरगुती काम आहे, याच आठवड्यात होण्यासारखं. घरातला माणूस जिथं काम करतो, तिथल्या कागदावर कुणाचा नंबर लिहिलाय ते विचारून घ्या. कितीजणांच्या कागदावर अजून लग्नाआधीचा गावाकडचा पत्ता असतो! दोन नंबर द्यावेत, एक आपला आणि एक अशा शेजारणीचा, जिच्याजवळ आपण बसून रडू शकू. आणि तिला आधी विचारून द्यावा. कंत्राटावरची मुलं खोली करून चार-चार, पाच-पाच जण राहतात, त्यांची घरं बिहारला, ओडिशाला, नाहीतर मराठवाड्यातल्या एखाद्या वाडीवर. कंत्राटदाराकडे बऱ्याचदा नुसतं नाव असतं. तुमच्या चाळीत, गल्लीत अशी मुलं राहत असतील तर त्यांच्या घरचे नंबर एका वहीत उतरवून ठेवा. डब्याच्या, दुधाच्या हिशेबाची वही असतेच, तिच्या मागच्या पानावर चालेल.