हाताची घडी, तोंडावर बोट आणि दहा टक्के

ऑगस्ट संपत आला की इंजिनिअरिंगच्या प्रत्येक विषयाचा सिलॅबस मुलांच्या हाती पडतो. आपल्या वेळी सिलॅबस म्हणजे धड्यांची यादी होती. इथे तो प्राध्यापक आणि विद्यार्थी यांच्यातला जवळजवळ करारच असतो. समजा, त्यात लिहिलंय: गृहपाठ २०, दोन मिडटर्म मिळून ४०, फायनल ३० आणि शेवटी पार्टिसिपेशन १०. त्या शेवटच्या ओळीवर आपली नजर ठरत नाही. 'वर्गात बोलायचे कसले मार्क? अभ्यास कर, बाकी आपोआप येईल,' असं म्हणून आपण मोकळे होतो.

जरा हिशेब करून पाहा. बाकीच्या ९० टक्क्यांत सरासरी ९२ मिळवणाऱ्या मुलीच्या खात्यात ८२.८ जमा होतात. सहभागाचे पूर्ण दहा मिळाले तर ती ९२.८ वर पोचते, निम्मे मिळाले तर ८७.८ वर. नेहमीच्या मोजपट्टीवर पहिला आकडा ए, दुसरा बी. परीक्षेत तिने काहीच कमी केलेलं नाही, ती फक्त गप्प बसली.

गप्प बसणं आपल्याकडे गुणातच मोजलं जायचं. 'हाताची घडी, तोंडावर बोट' हे आपण पहिलीत शिकलो आणि पुण्या-मुंबईच्या, सांगली-कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतही तेच चालू ठेवलं. टर्मवर्कचे मार्क होते, पण ते पूर्ण फाईलचे आणि वेळेवर मिळवलेल्या सहीचे. बोलायची वेळ यायची ती ओरलला, बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर, घशाला कोरड पडलेली असताना. अडलेलं उघडपणे विचारण्यासाठी मार्क असतात, ही कल्पनाच आपल्याला नवी आहे.

मग इथले प्राध्यापक ते का देतात? स्टॅटिक्सच्या वर्गातला एक जुना प्रश्न घ्या. कप्पीवरून गेलेल्या दोराच्या एका टोकाला १०० न्यूटनचं वजन टांगलंय, दुसरं टोक भिंतीला बांधलंय. आता भिंतीऐवजी दुसऱ्या बाजूलाही, तशाच कप्पीवरून, १०० न्यूटनचं वजन टांगलं. दोरातला ताण किती? हुशार मुलंही पटकन '२०० न्यूटन' म्हणतात. उत्तर दोन्ही वेळा १०० आहे, कारण भिंतही दोराला तेवढ्याच जोराने ओढत होती. फळ्यावर हे दहा वेळा सांगितलं तर मुलं मान डोलावतात आणि परीक्षेत पुन्हा चुकतात. पण आधी स्वतः उत्तर द्यायला लावलं, मग शेजाऱ्याशी वाद घालू दिला आणि पुन्हा उत्तर मागितलं, तर ते डोक्यात बसतं. हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकात रूढ केलेली पद्धत ती हीच. आज शेकडो वर्गांत मुलं क्लिकरने किंवा फोनवरून उत्तरं देतात, त्यामागे हा विचार आहे.

त्याचा उपयोगही मोजला गेला आहे. विज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून २०१४ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी सुमारे ३४ टक्के मुलं नापास होत होती, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२ टक्के. गंमत म्हणजे हार्वर्डमध्येच झालेल्या २०१९ च्या एका प्रयोगात अशा वर्गातल्या मुलांना आपण कमी शिकलो असं वाटलं, चाचणीत मात्र ती जास्त शिकलेली निघाली. तेव्हा घरी 'सर काही शिकवतच नाहीत, आम्हालाच बोलायला लावतात' अशी तक्रार आली, तर लगेच हो म्हणू नका.

पण हे मार्क नेहमी न्याय्य असतात असं नाही. शेवटी आठवून 'हा बरा बोलायचा' म्हणून गुण दिले, तर ते सहभागाचे नसून स्वभावाचे होतात. मोठ्या आवाजाचा मुलगा लक्षात राहतो. नुकताच एमएस करायला आलेला, आपल्या उच्चारांना बिचकणारा मुलगा राहत नाही. प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबतात, यावरही बरंच अवलंबून असतं. मेरी बड रो या संशोधिकेने शाळांच्या वर्गांत हे मोजलं, तेव्हा शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. मनात मराठीत विचार करून इंग्रजीत बोलणाऱ्याला ते दोन जादा सेकंद किती मोलाचे, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

म्हणून चांगले प्राध्यापक सहभागाची अनेक दारं उघडी ठेवतात. क्लिकरच्या उत्तराला बरोबर-चूक न बघता प्रयत्नाचे गुण देतात आणि आजारपणासाठी काही तास सोडून देतात. गटात फळ्यावर उदाहरण सोडवणं, ऑफिस अवरला येणं, वर्ग संपताना कागदावर शंका लिहून देणं, हेही मोजतात. गुण कशाचे, हे पहिल्या आठवड्यात लिहून देतात आणि सत्राच्या मध्यावर 'तू कुठे आहेस' हे सांगतात.

आता इथे शिकणाऱ्या वाचकांनो, हे तुमच्यासाठी. सहभाग कसा मोजणार, हे सिलॅबसमध्ये स्पष्ट नसेल तर पहिल्याच आठवड्यात विचारा. तोही सहभागच. पुढच्या तीन रांगांत बसा. वर्गाला जाण्याआधी एक शंका लिहून न्या. 'मला काही कळलं नाही' असं मोघम म्हणू नका. 'तिसऱ्या ओळीवरून चौथी कशी आली?' असं नेमकं विचारा. भर वर्गात जीभ रेटत नसेल तर ऑफिस अवरला जा. शिफारसपत्र मागायची वेळ येते तेव्हा, जो प्राध्यापक तुम्हाला ओळखतच नाही तो फक्त तुमची ग्रेड लिहू शकतो. बोलण्याची भीती किंवा अडचण तब्येतीशी निगडित असेल, तर विद्यापीठाच्या डिसॅबिलिटी ऑफिसमध्ये सत्राच्या सुरुवातीलाच नोंद करा. सत्र संपल्यावर गेलात तर फारसं काही हाती लागत नाही.

आणि आई-बाबांनो, तुम्ही प्राध्यापकांना फोन करून उपयोग नाही. मुलाच्या संमतीशिवाय ते सहसा गुणांबद्दल बोलणार नाहीत. इथला १९७४ चा कायदा तसा आहे. तुमच्या हातात आहे ते रविवारच्या व्हिडिओ कॉलवरचं बोलणं. 'किती मिळाले?' याच्या आधी 'या आठवड्यात काय विचारलंस?' असं विचारून बघा. आणि घरी मुलाने तुमचं एखादं म्हणणं खोडून काढलं, तर 'उलट बोलू नकोस' म्हणण्याआधी तीन सेकंद थांबा.

हे सगळं दहा टक्क्यांपुरतं नाही. न्यूयॉर्कमधली सिटीकॉर्प सेंटर ही ५९ मजली इमारत १९७७ साली पूर्ण झाली. पुढच्याच वर्षी, तिच्या मुख्य स्ट्रक्चरल इंजिनिअरांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, इंजिनिअरिंग शिकणाऱ्या कुणीतरी तिच्या खांबांच्या जागेबद्दल शंका विचारली. त्या निमित्ताने त्यांनी पुन्हा आकडेमोड केली, कोपऱ्याकडून तिरक्या येणाऱ्या वाऱ्याचा विचार केला, आणि वेल्डिंगऐवजी बोल्टने जोडलेले सांधे पुरेसे नाहीत असं त्यांच्या लक्षात आलं. मग अनेक रात्री वेल्डर आत जाऊन सांध्यांवर पोलादी पट्ट्या बसवत राहिले. ही गोष्ट लोकांना कळली ती १९९५ साली.

त्या शंकेला कुणी मार्क दिले नव्हते. पण अशी शंका विचारायची सवय कुठेतरी लागावी लागते, आणि त्यासाठी वर्गाइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही. तिथे चुकलं तर फार तर शेजारचा हसेल.