वाळवण

फेरोइलेक्ट्रिक पॉलिमरवरचा कुठलाही शोधनिबंध उघडा. द्रावण काचेच्या बशीत ओतून अमुक अंशांवर वाळवलं, एवढी एक ओळ त्यात असते आणि पुढे पानंच्या पानं आलेख. माझं मत विचाराल तर फिल्मचं नशीब त्या एका ओळीत ठरून गेलेलं असतं. आलेख फक्त निकाल वाचून दाखवतात.

जालना हे सळयांचं आणि बियाण्यांचं गाव. इथल्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पन्नास मायक्रॉनच्या फिल्म ओतल्या जातात, हे गावात फारसं कुणाला ठाऊक नाही. सामग्री साधीच: पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइडची पांढरी पूड, म्हणजे पीव्हीडीएफ, डायमिथाइल फॉर्मामाइड हा द्रावक आणि बेरियम टायटनेटची नॅनो पूड. द्रावकाला सगळे डीएमएफ म्हणतात. तो कातडीतून अंगात जातो आणि यकृताला बाधतो, म्हणून हातमोजे आणि धूर ओढणारं कपाट यांत तडजोड नाही.

पीव्हीडीएफ डीएमएफमध्ये टाकून मॅग्नेटिक स्टररवर कोमट ढवळत ठेवायचं. द्रावण पाण्यासारखं स्वच्छ दिसलं पाहिजे. बेरियम टायटनेट वेगळ्या बीकरमध्ये घेऊन सोनिकेटरमध्ये धरायचं, कारण नॅनो कणांना एकमेकांना चिकटून बसायची फार हौस. मग दोन्ही एकत्र करून बशीत ओतायचं. ओव्हनची फळी एका बाजूला कललेली असली तर फिल्म तिकडे जाड होते. त्यासाठी आमच्या मामांनी, म्हणजे प्रयोगशाळा परिचरांनी, गवंड्याची पाणसळ आणून ठेवली आहे. आयात उपकरणांच्या रांगेत ती पिवळी पाणसळ मला सगळ्यात उपयोगी वाटते.

आता बशीत काय चाललेलं असतं? पीव्हीडीएफच्या साखळीत एका कार्बनवर दोन हायड्रोजन, पुढच्यावर दोन फ्लोरिन, असा क्रम असतो. फ्लोरिन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, त्यामुळे साखळीची एक बाजू किंचित ऋण आणि दुसरी किंचित धन होते. साखळी सरळ ताणलेली राहिली तर सगळे फ्लोरिन एकाच अंगाला येतात. ही बीटा अवस्था, आणि विजेचे गुण मुख्यतः हिचे. साखळीला पीळ पडला तर अल्फा अवस्था होते. तिच्यात शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींचा प्रभाव पुसून टाकतात. जपानच्या हेइजी कावाई यांनी 1969 मध्ये पीव्हीडीएफचा पीझोइलेक्ट्रिक गुण दाखवला, तो फिल्म ताणून आणि तिला मोठा विद्युतदाब देऊन.

द्रावक सावकाश उडाला, साधारण 70 अंशांच्या खाली, तर बीटा जास्त मिळते. 110 अंशांच्या वर वाळवलं तर अल्फा. मग प्रश्न कसला? प्रश्न असा, की कमी तापमानाला वाळलेली फिल्म सच्छिद्र आणि दुधाळ होते. त्या छिद्रांत हवा असते आणि मोठ्या विद्युतदाबाखाली वीज तिथूनच वाट काढते. हवी ती अवस्था आणि हवी ती घट्ट वीण एकाच तापमानाला मिळत नाही.

त्यात जालन्याचा पाऊस. डीएमएफ हवेतलं पाणी ओढून घेतो, आणि पाणी शिरलं की पॉलिमर वेळेआधीच बाहेर पडतो. जुलैतल्या एका सकाळी संशोधक विद्यार्थिनी बशी घेऊन दारात उभी.

"सर, परत पांढरी पडली."

"झाकण होतं का?"

"होतं. पण मामांनी खिडकी उघडली होती."

"अहो, वास किती मारत होता!" मामा आतून म्हणाले. त्यांचंही खरंच होतं. कपाटाचा पंखा त्या दिवशी बंद होता. मेमधली कोरडी हवा या कामाला सोन्यासारखी. अंगाची लाही होते ते सोडा.

वाळलेली फिल्म नखाने उचकटायची नाही. बशीत थोडं पाणी सोडलं की ती कडेने सुटत जाते आणि अलगद तरंगते. मग एफटीआयआर, म्हणजे अवरक्त वर्णपट: 763 या तरंगसंख्येजवळचा पट्टा अल्फाचा, 840 चा बीटाचा. दोन्हींची उंची सूत्रात घालून बीटाचं प्रमाण काढायचा प्रघात आहे. पण 840 च्या आसपास गॅमा ही आणखी एक अवस्थाही हजेरी लावते, आणि हे सोयीस्करपणे विसरून नव्वद टक्के बीटा जाहीर करणारे निबंध कमी नाहीत. बीटाचा स्वतःचा 1275 चा पट्टा पाहिल्याशिवाय मी तरी विश्वास ठेवत नाही.

पुढे दोन्ही बाजूंना सिल्व्हर पेस्टचे गोल. पाच मिलिमीटर त्रिज्येचा गोल, पन्नास मायक्रॉन जाडी आणि डायइलेक्ट्रिक स्थिरांक 10 धरला, तर एलसीआर मीटरवर सुमारे 140 पिकोफॅरड दिसायला हवेत. जाडी मोजताना पाच मायक्रॉनची चूक झाली की उत्तर दहा टक्क्यांनी हललंच. शिवाय 100 हर्ट्झला स्थिरांक फुगलेला दिसतो, कारण कण आणि पॉलिमर यांच्या सीमेवर प्रभार साचतो. वारंवारता वाढवली की सूज उतरते. छापताना मात्र 100 हर्ट्झचाच आकडा ठळक असतो.

हिस्टेरिसिसच्या, म्हणजे विद्युतक्षेत्र मागेपुढे नेताना ध्रुवणाने काढलेल्या, वळशाचंही तसंच. गळकी फिल्मसुद्धा गोलमटोल वळसा काढून दाखवते. 2008 मध्ये जे. एफ. स्कॉट यांनी केळ्याच्या सालीला इलेक्ट्रोड लावून तिचा वळसा छापला, तो वळसा दिसताच फेरोइलेक्ट्रिक म्हणून मोकळं होण्याच्या घाईची टर उडवायलाच. केळ्याची साल अर्थातच फेरोइलेक्ट्रिक नाही. आमच्या विद्यार्थ्यांना मी तो निबंध सगळ्यात आधी वाचायला देतो.

बेरियम टायटनेटचा स्थिरांक हजाराच्या वर, पीव्हीडीएफचा दहाच्या आसपास. म्हणून पूड वाढवत नेण्याचा मोह होतो. आमच्या विद्यार्थिनीने वीस टक्क्यांची फिल्म केली, तेव्हा स्थिरांक छान चढला. मग सिलिकॉन तेलात बुडवून विद्युतदाब वाढवत नेला. या जाडीला ध्रुवण करायचं तर अडीच हजार व्होल्ट तरी लागतात. फिल्म त्याच्या बऱ्याच आधी चट्‌कन फुटली आणि मधोमध टाचणीच्या डोक्याएवढं काळं भोक पडलं. भिंगाखाली पाहिलं तर भोकाच्या कडेला कणांचा गठ्ठा.

साठवलेली ऊर्जा स्थिरांकाच्या पटीत वाढते, पण विद्युतक्षेत्राच्या वर्गाच्या पटीत. स्थिरांक दुप्पट करताना फिल्मची सहनशक्ती निम्मी झाली, तर ऊर्जाही निम्मी होते. हा हिशेब फळ्यावर मांडल्यावर तिने पुढच्या बशीसाठी पाच टक्केच पूड तोलली आणि मामांना विचारलं, पंखा दुरुस्त झाला का.