पूड का अडते?

वाशीम-रिसोडच्या बाजारात हळदीचे पोते उपडे केले, की हळकुंडे खडखडत पसरतात. त्याच हळकुंडांची वस्त्रगाळ पूड करून बरणीत भरा. ती सरळ पडायचे नाव घेत नाही! बुडावर थाप मारावी, तर एकदम ढेकूळच ताटात. आपण म्हणतो, “दमट झाली असेल.” दमटपणा भर घालतो, हे खरे, पण अगदी कोरडी पूडही अडतेच. असे का व्हावे?

कण एकमेकांना टेकले, की त्यांच्यात एक क्षीण ओढ असते. तिला व्हॅन डर वाल्स आकर्षण म्हणतात. कणाचा व्यास दहापट कमी केला, तर वजन हजारपट घटते, ओढ मात्र दहापटच घटते. म्हणजे वजनाच्या मानाने चिकटणे शंभरपट वाढले! म्हणून वाळू घरंगळते आणि पीठ कमान धरून बसते.

याचा पहिला फटका मापाला बसतो. चाळलेले बेसन वाटीत भुसभुशीत राहते. वाटी ठोकली की त्याच वाटीत आणखी मावते. मग खरे माप कोणते? यावर एक सोपी परीक्षा आहे. खुणांच्या नळकांड्यात १०० मिलिलिटर पूड हलकेच ओता आणि बसायची थांबेपर्यंत ठोका. समजा, ती ७० वर आली. १०० भागिले ७०, म्हणजे सुमारे १.४३. हेच हाउसनर गुणोत्तर. ते १.२५ च्या आत असले तर पूड बरी वाहते, १.४ च्या वर गेले की ती हट्टी समजावी.

आता खालून वारा सोडून पाहू. ठराविक वेगाला वाळू तरंगते आणि पाण्यासारखी उकळू लागते. कारखान्यांत वाळवण्या-भाजण्याची कामे या युक्तीने होतात. पीठ मात्र दाद देत नाही. वारा त्यात बिळे पाडून निसटून जातो. गेल्डार्ट यांनी १९७३ साली पुडींचे चार वर्ग पाडले, त्यांत या हट्टी पुडींचा वर्ग वेगळाच ठेवला. त्यांना हलवावे लागते, ढवळावे लागते, नाहीतर सिलिकाची अतिसूक्ष्म पूड किंचित मिसळावी लागते. पीठ अडले की गिरणीवाला टपली मारतो, ते याच शास्त्राला धरून!

हळद चिमूटभर कमीजास्त झाली, तर भाजीचेच काय ते बिघडेल. औषधी चूर्णाचे तसे नाही. सैल भरलेला चमचा आणि दाबून भरलेला चमचा, या दोन वेगळ्या मात्रा आहेत. तेव्हा पूड जिथे नेमकी हवी, तिथे वाटी-चमच्यावर विसंबू नये, तागडीलाच विचारावे.