इंग्रजीच्या मास्तरांनी आखातात जावे काय?

हदगावसारख्या गावात बी.ए., बी.एड. झालेला तरुण विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या मानधनावर वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवतो. सरकारने २००१ मध्ये 'कायम विनाअनुदानित' धोरण आणले. २००९ मध्ये 'कायम' हा शब्द गेला, पण पुष्कळ शिक्षकांचे अनुदानाची वाट पाहणे संपले नाही. मग घरात आखाताचा विषय निघतो आणि अब्बा दुकान गहाण टाकण्याची भाषा करतात.

बंधूंनो, आधी हिशेब मांडा. आखातात भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा आहेत. तेथे बी.एड. आणि अनुभवाला किंमत आहे; नुसते इंग्रजी बोलता येऊन भागत नाही. नांदेड विद्यापीठाची डिग्री असली तरी ती प्रमाणित करून घ्यावी लागते. सौदीत डिसेंबर २०२२ पासून अपोस्टील चालते.

एजंट नोंदणीकृत आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट यादीत पाहा. परराष्ट्र खात्याच्या २०२३ च्या सूचनेनुसार त्याची फी ३०,००० रुपये आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपयांहून जास्त नसावी. दोन लाख मागणारा किंवा 'व्हिजिट व्हिसावर चला, पुढे बघू' म्हणणारा दारातूनच परत पाठवा.

करारात पगार, खोली, तिकीट व रजा लेखी घ्या. खोलीभाडे व जेवण वजा जाता घरी किती पाठवता येईल, ते काढा. तो आकडा येथील मानधन व शिकवणी यांच्या बेरजेहून बराच मोठा असेल तरच निघा. दुकान मात्र गहाण टाकू नका. परत आल्यावर तेच आधार देईल.