फटाक्यांच्या रात्री घरातला मुका सोबती

मराठी घराला कुत्रे परके नाही. श्रीदत्तांच्या पायाशी चार श्वान असतात, खंडोबाच्या सोबतीलाही श्वान असतोच. होळकरांचे कुलदैवत मल्हारी मार्तंड; तेव्हा इंदूरच्या मराठी मंडळींना हे नाते निराळे सांगायला नको. अनेक खंडोबाभक्तांच्या घरी चंपाषष्ठीला कुत्र्यालाही घास घातला जातो. पण त्याच्या महिना-सव्वा महिना आधी, ऐन दिवाळीत, हेच जनावर पलंगाखाली थरथरत असते आणि घरातील मुले त्याला हसत असतात.

हसण्याजोगे त्यात काही नाही. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा नाद ऐकू येतो, तर कुत्र्याच्या कानाला सुमारे ४५,००० पर्यंतचा. शिवाय हा स्फोट सणाचा आहे, हे त्याला कोण समजावणार? धाप लागते, लाळ गळते, अन्न सुटते. कित्येक कुत्री साखळी तोडून धूम ठोकतात, वाहनाखाली सापडतात किंवा कायमची हरवतात. म्हणून त्या रात्री त्याला अंगणात बांधून ठेवणे हा मला निव्वळ निर्दयपणा वाटतो.

दिवस मावळण्यापूर्वीच त्याला फिरवून आणावे व खाऊ घालावे. नरकचतुर्दशीला तर अभ्यंगस्नानाआधीच आवाज सुरू होतात, हेही ध्यानी असावे. घरातील आतली खोली निवडून खिडक्या लावाव्यात, पडदे ओढावेत, रेडिओ मंद लावावा आणि त्याचे नेहमीचे अंथरूण तेथेच घालावे. गळपट्ट्यावर आपला दूरध्वनी क्रमांक असावा. तो जवळ आला तर खुशाल कुरवाळावे; भीती ही लाडाने वाढणारी खोड नव्हे. फारच घाबरत असेल तर सणाच्या काही दिवस आधी पशुवैद्यांना विचारावे. माणसाची झोपेची गोळी मात्र आपल्या मनाने कदापि देऊ नये.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीच्या फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली. ती किती पाळली जाते, हे ज्याने त्याने आपल्या गच्चीवरून पाहावे! निदान आपल्या घरातील मुलांनी फुलबाज्यांच्या तापलेल्या तारा पाण्याच्या बादलीत टाकाव्यात, म्हणजे सकाळी कोणाचे पंजे भाजणार नाहीत.

फराळाचे ताटही उंचावर हवे. बेदाणे व मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणजे बेदाणे घातलेला चिवडा आणि करंजीसुद्धा त्याच्यासाठी वर्ज्य. भेटीदाखल आलेले चॉकलेट तर विषच. कांद्यातील द्रव्ये त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. म्हणूनच पुढे चंपाषष्ठीला त्याच्यापुढे रोडग्याचा तुकडा अवश्य ठेवावा. कांदा घातलेले भरीत आपण खावे.