ब्रॉडमूरची देवडी

जुन्या वाड्याच्या देवडीत पहारेकरी बसत. आत कोण चाललंय, कशासाठी, ही विचारपूस तिथंच व्हायची. इंग्लंडच्या बर्कशायर परगण्यात, क्रोथोर्न गावाला लागून असलेल्या ब्रॉडमूर रुग्णालयाला अशीच एक देवडी आहे. लाल विटांचे दोन मनोरे आणि मधोमध कमान. पहिल्यांदा पाहणारा तिला तुरुंगाचं दारच समजतो.

त्याची चूक तरी कशी म्हणावी? आराखडा सर जोशुआ जेब यांचा. हे लष्करी अभियंते तुरुंगांच्या बांधकामात मुरलेले. लंडनचा पेंटनव्हिल तुरुंग त्यांचाच. हातून गुन्हा घडलेल्या मनोरुग्णांसाठी वेगळं ठिकाण हवं, असं १८६०च्या कायद्यानं ठरलं, आणि काम जेब यांच्याकडे आलं. २७ मे १८६३ रोजी पहिल्या रुग्ण दाखल झाल्या, त्या साऱ्या स्त्रिया होत्या. पुढच्याच महिन्यात जेब वारले.

दर्शनी बाजू तुरुंगाची, पण दक्षिणेला टप्प्याटप्प्यानं उतरणाऱ्या बागा आणि दूरवर मोकळा मुलूख. धाक आणि उपचार यांची ही जोडी १८६३ सालच्या समजुतीची साक्ष आहे, आणि ती कागदावर नाही, विटांत आहे.

वडिलांचा खून केलेला चित्रकार रिचर्ड डॅड १८६४ मध्ये इथं आला आणि १८८६ मध्ये मरेपर्यंत रंगवत राहिला. विल्यम मायनर हा अमेरिकन सैन्यातला शल्यविशारद. १८७२ मध्ये भ्रमाच्या भरात त्यानं लंडनमध्ये एका निरपराध कामगाराला गोळी घातली. ब्रॉडमूरच्या खोलीत पुस्तकांच्या गराड्यात बसून त्यानं ऑक्सफर्ड शब्दकोशासाठी हजारो अवतरणं टिपून पाठवली.

संपादक जेम्स मरे त्याला भेटायला आले, तेव्हा मायनर इथला डॉक्टर असल्याच्या समजुतीत होते, ही गोष्ट पुढे खूप रंगली. खरं तर १८९१च्या त्या भेटीआधीच मरेंना सारं ठाऊक झालं होतं. पण रुग्णालय की तुरुंग, डॉक्टर की कैदी, असा गोंधळ घालणारी वास्तू समोर असल्यावर दंतकथा पिकायला वेळ लागत नाही.

ब्रॉडमूरच्या जुन्या वास्तू ‘ग्रेड २’ संरक्षित यादीत आहेत. परवानगीशिवाय त्यांचं स्वरूप बदलता येत नाही. २०१९ मध्ये शेजारीच नवं रुग्णालय सुरू झालं. रुग्णांची ये-जा आता तिकडून होते. बाहेरचे लोक मात्र अजूनही ब्रॉडमूरला तुरुंगच म्हणतात.